फास्टिंगची खिचडी

"उपवासाचंच खातोय ना मी! दिसत नाही का तुला?" बाबा ओरडले. तोंडात साबुदाण्याची खिचडी, हातात पुढचा चमचा तयार.

"बाबा, रक्त द्यायला चाललात ना? फास्टिंग शुगरचं?"

"मग? फास्टिंगच आहे. मुद्दाम गुरुवार धरून चाललोय."

मला हसूच फुटलं. "अहो, फास्टिंग मतलब काहीच नाही खायचं! रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. साबुदाणा देवाला चालतो, लॅबवाल्याला नाही."

"अकरावी अर्धवट सोडणारा मला शिकवणार? ऑफिसात अख्खी फाईल इंग्रजीत लिहितो मी!"

"मग लिहा ना फाईलवर, खिचडी इज अलाउड!"

त्यांनी ताटली आपटली. शेंगदाणे फ्रिजखाली गेले. मी दार आपटून जवाहर चौकात दुकानावर गेलो. तिथे मी मोबाईलच्या काचा बदलतो.

दिवसभर डोक्यात तेच. पहिली टेस्ट झाली तेव्हा संकष्टी होती. तेव्हाही हे खिचडी आणि गोड चहा घेऊन गेले असणार. लॅबवाल्याने विचारलं असेल, "फास्टिंग है ना अंकल?" आणि हे छाती फुगवून, "पूरा फास्टिंग है!" शुगर आली एकशे सेहेचाळीस. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, परत करा, मग बघू. तर यांनी गुरुवार, शनिवार, सोमवार, सगळेच उपवास धरले. म्हणजे आणखी साबुदाणा, आणखी बटाटा.

आई अबोलीताईच्या बाळंतपणाला पुण्याला गेलीय. तुलसी नगरच्या ऑफिसच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच. रात्री एकत्र जेवायचो. ते म्हणायचे, "मीठ कमी आहे." मी म्हणायचो, "वरून घ्या." तेवढंच बोलणं, पण होतं. उपवास लागले तसं तेही बंद. मी टीव्हीसमोर एकटा, ते आतल्या खोलीत एकटे.

आणि एक गोष्ट मी बघितलीय, त्यांना माहीत नाही. आंघोळ झाली की ते खाटेवर बसून पायाची बोटं एकेक दाबून बघतात. आजोबांचा अंगठा शुगरमुळे कापावा लागला होता.

त्या गुरुवारी ते लॅबला गेलेच नाहीत. शुक्रवारी मी उठलो तर शेगडी थंड, चहाचं पातेलं कोरडं, बाबा गायब. समजलो, उपाशीपोटीच लॅबला गेलेत. मी काही बोललो नाही, त्यांनीही सांगितलं नाही. फक्त रिपोर्ट दाखवायला निघताना दारात उगाच थांबले, मग मीही गेलो.

एकशे बारा.

"बीमारी नहीं है," मॅडम म्हणाल्या. "पर नॉर्मल भी नहीं. सौ के नीचे चाहिए. अभी ध्यान दिया तो सँभल जाएगी." मग समजावलं. भात-पोळी कमी, डाळ-भाजी जास्त, चहा बिनसाखरेचा, उपवासाच्या नावाखाली साबुदाणा-बटाटा नाही. रोज अर्धा तास भरभर चालायचं आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. "किसी को साथ ले लीजिए. अकेले लोग दस दिन में छोड़ देते हैं."

"बहुत लोग हैं मैडम हमारी कॉलोनी में," बाबा म्हणाले.

कोण बहुत लोग? एक रवींद्रकाका होते, ते रिटायर होऊन नागपूरला गेले.

काल आईचा फोन आला. मी किचनमध्ये होतो, त्यांना वाटलं बाहेर आहे. "अगं हो, रोज जातो फिरायला. कौस्तुभ येतो ना बरोबर. गप्पा मारत अर्धा तास कसा जातो, कळत पण नाही."

माझं डोकंच फिरलं. मी तर एक दिवसही बरोबर गेलो नव्हतो. खोटं कशाला बोलायचं? बाहेर येऊन भांडणारच होतो. पण ते फोन ठेवून चपलेचा पट्टा लावत बसले होते, वाकून, कितीतरी वेळ. मी परत आत गेलो.

आज गॅलरीतून बघतोय. बाबा खाली चालताहेत, फोन कानाला लावून. हात हलवून बोलताहेत, मध्येच हसताहेत. समोरून त्यांच्या ऑफिसचे दोघं-तिघं आले तर आवाज आणखी वाढला. मला काहीतरी खटकलं. मी त्यांचा नंबर लावला.

कानाला लावलेला फोन कानातच वाजला. बाबा दचकले. चारचौघांच्या देखत.

ते लोक पुढे निघून गेले, मग त्यांनी उचलला. "हां, बोल."

"कोणाशी बोलत होता?"

ते दिव्याच्या खांबाला टेकले. मग म्हणाले, "आज बास करतो. असं एकट्याने गोल गोल फिरणं येड्यासारखं वाटतं रे. उद्याचं उद्या बघू."

"थांबा तिथंच."

"का?"

"थांबा म्हटलं ना! हलू नका."

ते खांबाला टेकून वर बघताहेत. जास्त वेळ थांबायचे नाहीत, मला माहितीय. चप्पल कुठाय माझी? बस, निघतो मी.