डॉक्टर माझ्यावर बसले तो दिवस

मित्रांनो, मला पाहिले की तुमची पावले दारातच अडखळतात, हे मला ठाऊक आहे. मी दाताच्या दवाखान्यातली जुनी खुर्ची. वर्धा जिल्ह्यात, हमरस्त्यावर जाम नावाचे गाव आहे. तिथल्या एका गाळ्यात डॉक्टर नागसेन यांनी मला फरशीला बोल्टने आवळून बसवले. तेव्हापासून मी तसूभरही हललेली नाही. गाळ्याला खिडकी नाही. डोक्यावर दिवा, समोर भिंत आणि बाहेर ट्रकांची घरघर, एवढेच माझे जग.

कारखान्यातून आले तेव्हा माझे निळे रेक्झिन इतके चकचकीत होते, की आजूबाजूच्या खेड्यांतले लोक दात दुखत नसतानाही मला बघून जायचे. डॉक्टर रोज सकाळी स्वतः मला पुसत. शेतकरी, ड्रायव्हर, शाळकरी पोरे, सगळ्यांनी भीतीने माझे हात आवळले आणि जाताना हसत माझी पाठ थोपटली. पुढे रेक्झिन फाटले, त्यावर चिकटपट्ट्या आल्या. पाठ खाली करताना मी कुरकुरू लागले. डॉक्टर दुरुस्तीचे नाव काढत नसत. म्हणत, "मेघा डॉक्टर झाली का नवीन खुर्ची घेऊ." मेघा ही त्यांची एकुलती मुलगी.

यंदा मेघाची बारावी झाली आणि नागपूरच्या एका डेंटल कॉलेजात तिचा नंबर लागला. डॉक्टरांनी लगेच पेंटर बोलावला, बाहेरची पाटी नव्याने रंगवली आणि आपल्या नावाखाली तिच्या नावापुरती जागा कोरी ठेवली. "कॉलेज सुरू होईस्तोवर दवाखान्यात बसत जा," ते तिला म्हणाले. "सवय होईन."

मेघा येऊ लागली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायांशी ती छान बोलायची, रडणाऱ्या पोरांना हसवायची. पण शटर अर्धे खाली आले, दिवा लागला आणि कुणी तोंड उघडले, की तिचा चेहरा उतरायचा. एकदा एक तरुण ड्रायव्हर आला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. डॉक्टर तेवढ्या फटीतून मन लावून काम करत होते. मेघा मात्र बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली आणि उगाच हात धूत बसली. पेशंट गेले आणि डॉक्टर चहाला बाहेर पडले, की ती माझ्यावर येऊन बसायची. माझे हात ती असे आवळायची, की पेशंटही तितके आवळत नसत. तिचा कुठलाही दात दुखत नव्हता. मला ते कळत होते, पण मला वाचा कुठली?

जिजाबाई म्हणून एक म्हातारी पेशंट तिला म्हणायची, "आता माहे उरलेले दात तूच काढजो वं पोरी!" मेघा हसून मान हलवायची.

सोमवारी नागपूरला जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची अक्कलदाढ ठणकू लागली. गाल सुजला. स्वतःची दाढ स्वतःला काढता येत नाही. त्यांनी हिंगणघाटहून डॉक्टर छायांना बोलावले. त्या त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रीण. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टर माझ्यावर आडवे झाले!

लाळ ओढणारी नळी मेघाने धरली. दाढ निघेपर्यंत तिचा हात जराही हलला नाही. छायाबाई खूश झाल्या. "नागसेन, पोरीचा हात बघ! डॉक्टरचाच हात आहे." मग त्यांनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला. "नागसेन, दातांखाली दाबून धर. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," असे बजावून त्या फोन करायला बाहेर गेल्या.

मेघाने नळी ठेवली. दाराकडे पाहिले, मग वडिलांकडे.

"बाबा, मले हे नाई जमत."

डॉक्टर उठू लागले.

"झोपून राहा. रक्त येईन." तिचा आवाज फाटला. "हाताचं काय, हात करते. पण दिवा लागला का माहा जीव कोंडते. असं वाटते, कोणी मले डब्यात घालून झाकण लावून राह्यलं. तुम्ही पाटी रंगवली, गावभर सांगितलं. मी कोणत्या तोंडानं नाई म्हणू?"

डॉक्टरांनी माझे हात घट्ट धरले. घशातून नुसता घुमल्यासारखा आवाज निघाला. रागाने त्यांची पाठ ताठ झाली. मला ते स्पष्ट जाणवत होते. बोलता येत नव्हते, म्हणून त्यांना ऐकावे लागले. हळूहळू त्यांची पकड सैल पडली आणि पाठ पुन्हा माझ्यावर टेकली.

छायाबाईंनी येऊन बोळा काढला. डॉक्टरांचा ओठ अजून बधिर होता. शब्द वाकडेतिकडे पडत होते.

"मले हे काम लई आवडते, मेघा. एवढुशा जागेत तासभर वाकलो तरी जीव रमते. वाटलं, तुलेही आवडन." त्यांनी सुजलेला गाल चाचपला. "इचारलं नाई मी."

"नाई इचारलं," मेघा म्हणाली आणि रडू लागली.

"मंग काय करशीन?"

"माहीत नाई, बाबा. खरंच नाई."

सोमवारी नागपूरला कुणी गेले नाही. सुजल्या गालाने डॉक्टरांनी शटर वर केले. पहिल्याच आलेल्या जिजाबाईने विचारले, "पोरगी कवा येते शिकून?"

डॉक्टरांनी दिवा नीट केला. "पोरगी नाई येत, बाई. आ करा."

मेघा सध्या वर्ध्याला कॉलेजात जाते. काय व्हायचे ते अजून ठरलेले नाही. डॉक्टर त्यावर बोलत नाहीत, पण परवा त्यांनी माझ्या पाठीचे कुरकुरणारे नटबोल्ट स्वतः बसून घट्ट केले. नवीन खुर्ची येणार नाही, मी इथेच राहणार, हे मला तेव्हा कळले. मला बरे वाटले, आणि त्यांच्याकडे पाहून वाईटही वाटले.

मित्रांनो, इथे आलेल्या प्रत्येकाला डॉक्टर आधी विचारतात, कुठे दुखते? मगच ते हत्यार उचलतात. मोठे झाल्यावर तुम्ही काय व्हावे, हे कुणी ठरवू लागले, तर त्यांना आधी हाच प्रश्न विचारायला सांगा. आणि उद्या तुमच्यावर कुणाचे ठरवायची वेळ आली, तर उत्तर येईपर्यंत गप्प बसून ऐका. त्यासाठी आपली दाढ दुखायची वाट पाहू नका.