कान उत्तम

"कान उत्तम आहेत ना? मग आता हिची गाठ माझ्याशी आहे," बाप म्हणाला. शेजारी उभ्या आठ वर्षांच्या मुलीने मान खाली घातली.

कान तपासणाऱ्या बाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. 'कान उत्तम.' बावीस वर्षं त्या हाच शिक्का मारत आल्या होत्या. वाचता येत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून शाळा मुलांना पाठवायची. मुलं बंद खोलीत बसून प्रत्येक बारीक आवाजाला गुणी बाळासारखा हात वर करायची आणि शिक्का घेऊन घरी मार खायला जायची. खरं काय ते बाईंना गेल्या महिन्याच्या प्रशिक्षणात कळलं होतं. त्यानंतरही सवयीने नऊ शिक्के मारून झाले होते. त्यांना स्वतःचीच चीड आली.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "शाळेत असली बंद खोली असते का?"

त्यांनी मुलीला बाहेर रांगेजवळच्या बाकावर बसवलं. पंखा खडखडत होता, माणसं बोलत होती. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरून बाईंनी वीस शब्द म्हटले. आतल्या बंद खोलीत असेच वीस शब्द ऐकून एकोणीस बरोबर परत म्हणणारी पोरगी इथे अकरावर अडकली.

"नाटकं आहेत सगळी," बाप म्हणाला.

"नाटक नाही. कानावर पडतं, पण गोंगाटात आवाज वेगळे करता येत नाहीत. अक्षरं पक्की झाली की कानही तयार होतो. हिचं वाचन अडलं म्हणून कान अडतो आणि कान अडतो म्हणून वाचन. मारून काय होणार? शांत जागी बसवून, अक्षर समोर ठेवून, एकेक आवाज शिकवावा लागतो."

बाप चढ्या आवाजात म्हणाला, "मग हे आजवर कोणी सांगितलं का नाही? मी हिला किती बडवलंय, माहीत आहे?"

शिक्का खणात टाकून बाईंनी कागदावर हाताने सगळं लिहून दिलं.

नोकरीतला पहिला शिक्का त्यांनी स्वतःच्या लेकीच्या कागदावर मारला होता आणि त्याच संध्याकाळी पट्टी मोडेपर्यंत तिला मारलं होतं. नववीत शाळा सोडलेली लेक आता घरी पडदे शिवायची. दर दोन वाक्यांनी "काय?" म्हणायची आणि बाई खेकसायच्या, "बहिरी आहेस का?"

संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी आधी टीव्ही बंद केला. मग खुर्ची ओढून लेकीसमोर बसल्या.

"तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या.

लेकीने मशीन थांबवलं आणि रोजच्या सवयीने आईच्या ओठांकडे बघितलं.