इंगाबाईने वाळवलेला डोंगा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो, आणि मला होडी म्हटलेलं खपत नाही. होडी फळ्या जोडून करतात. मी एका झाडाच्या एकाच खोडाचा आहे. तेही सागाच्या नव्हे, काटेसावरीच्या. सागवानाचं कौतुक करणारी माणसं सावरीकडे बघून नाक मुरडतात. म्हणतात, हे लाकूड काडेपेटीच्या कामाचं. मुरडू देत. त्यांचे सागवानी पलंग घरात कोरडे पडले होते, तेव्हा मी वैनगंगेचा पूर अंगावर घेत होतो.

ब्रह्मपुरीहून बैलगाडीने निघालं की अर्ध्या दिवसाने नदीकाठी आमची ढिवरटोली, म्हणजे मासेमार ढिवरांची वस्ती, लागायची. तिथल्या लटारूने मला घडवलं. जंगलातून खोड ओढत आणलं, आतून निखाऱ्यांनी जाळलं आणि सुतारी वाकसाने कोरलं. वर्षभर तो माझ्याच अंगावर बसून असायचा. पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा त्याच्या बायकोने, शकुबाईने, माझ्या तोंडाला हळद लावली आणि म्हणाली, “हा माया लेक होय. याले कोनी लाथ मारू नोका.”

पुढे लटारू तापाने गेला. आता डोंगा विकून टाक, बाईच्या हाती बांबू शोभत नाही, असं टोलीतल्या म्हाताऱ्यांनी शकुबाईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून माझ्यात उभी राहिली आणि बांबू रेटत मला थेट पलीकडे घेऊन गेली. तेव्हापासून मी तिचाच. मासे, धानाची पोती, बाजाराला निघालेली माणसं, पोट दुखत असलेल्या गरोदर बाया, सगळ्यांना मी नेलं. लोक म्हणायचे, शकुबाईचा डोंगा म्हणजे घरचा ओटा, डुलतसुद्धा नाही. ते ऐकून मी अंगातल्या अंगात फुगायचो.

आता माझी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. डोंग्याला पाण्याची भीती नसते, उन्हाची असते. होळी झाली, नदी आटू लागली की आमच्याकडे डोंग्यात दगड भरून त्याला डोहात बुडवून ठेवतात. उन्हाळाभर आम्ही पाण्याखाली असतो. लाकूड ओलं राहतं, तडकत नाही. पाऊस लागला की दगड काढायचे आणि डोंगा वर आणायचा. मला ती झोप फार आवडायची. वरून पाणी कोमट आणि खाली चिखल गार.

देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावोगाव विकास गट निघत होते. गडचिरोली तेव्हा आमच्या चांदा जिल्ह्यातच होती. अशा एका फाल्गुनात आमच्या घाटावर एक गोरी बाई उतरली. उंच, हाडापेराने भक्कम, डोक्याला रुमाल. ती नॉर्वे नावाच्या थंड देशातली. नाव इंगेबोर्ग. टोलीने पहिल्या दिवशीच तिची इंगाबाई केली.

इंगाबाई आपल्या देशात समाजसेवेचं रीतसर शिक्षण घेऊन, तिकडे काम करून आली होती. एका परदेशी पथकाबरोबर ती नागपुरात आली. पथक परत गेलं, ती गेली नाही. मला इथेच काम करायचं आहे, म्हणाली. पण परक्या मुलखात नोकरी मिळणं सोपं नसतं, मित्रांनो. एका कचेरीत म्हणाले, तुमचा दाखला आमच्याकडे धरत नाहीत. दुसरीकडे म्हणाले, आमच्याच शिकलेल्या मुली बसून आहेत. तिसरीकडे म्हणाले, तुम्हाला इथलं ऊन सोसणार नाही. शेवटी आमच्या भागातले गटाचे अधिकारी गुणवंतराव तिला म्हणाले, “ढिवरटोलीत राहून दाखवा. नदी भरली की मी पलीकडच्या गावी पाहणीला जातो. तेव्हा बघू, गाव तुम्हाला ठेवून घेतं का.” यापलीकडे तिच्याकडे काही नव्हतं. इथून काढलं असतं तर तिला देश सोडावा लागला असता.

ती शकुबाईच्या पडवीत राहू लागली. नागपूरच्या मास्तरांकडून मराठी शिकलेली, त्यामुळे पुस्तकासारखं बोलायची. “आपल्या घरी सर्व कुशल आहे ना?” असं तिने विचारलं की टोलीतली बाई पदरात तोंड लपवून हसायची आणि म्हणायची, “हो बाई.” तिने काहीही सांगितलं की लोक “हो बाई” म्हणायचे. पोरांचे डोळे धुवा. हो बाई. पाणी गाळून घ्या. हो बाई. मग ज्याला वाटेल तो करायचा, ज्याला न वाटेल तो नाही. पाहुण्याला आणि शिकलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिला ती ठाऊक नव्हती. तिला वाटायचं, सगळं पटतंय.

चैत्रात शकुबाई मूल गावी गेली, लेकीचं बाळंतपण होतं. एके सकाळी इंगाबाई डोहावर आली आणि पाण्याखाली मी तिला दिसलो. तिचा चेहरा एकदम उतरला. तिने टोलीतल्या मुखरूला आणि पत्रूला हाक मारली.

“हा शकुबाईंचा डोंगा आहे?”

“हो बाई.”

“तो बाहेर काढायला हवा. माझे वडील कोळी आहेत. आमच्याकडे मासेमारी संपली की होड्या किनाऱ्यावर ओढतात, वाळवतात आणि डांबर लावतात. तुम्ही मला मदत कराल?”

पत्रूने मुखरूकडे बघितलं. मुखरूने आभाळाकडे बघितलं.

“हो बाई,” दोघे म्हणाले.

दगड काढून मला काठावर ओढून आणलं. ती स्वतः गुडघाभर चिखलात उभी राहून ओढत होती. मला उपडं घातलं. सडकेच्या कामावरून तिने डांबराचा डबा मागून आणला आणि पाठीवर चोपडला. माणसं सावलीत बसून बघत होती.

“काय करून राह्यली थे?” म्हातारा इसरू म्हणाला.

“औषध लावून राह्यली,” पत्रू म्हणाला. “डांबर लावलं म्हंजे ऊन लागत नसन. तिच्या बापाचे डोंगे समुद्रात चालते म्हणे.”

“मंग ठीक हाय. समुद्रवाल्याले आपन काय सांगाव.”

इंगाबाईच्या देशात ऊन पाहुण्यासारखं येतं. आमच्या चांद्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मी ओरडत होतो, पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? आधी डांबर वितळून खाली गळलं. मग अंग आवळू लागलं. आणि एका दुपारी, फांदी मोडावी तसा आवाज होऊन, माझ्या तोंडापासून पोटापर्यंत भेग पडली. इंगाबाई धावत आली. तिने भेगेत बोटं घातली आणि तशीच बसून राहिली.

त्याच आठवड्यात शकुबाई परतली. डोक्यावरची टोपली खालीही न ठेवता ती घाटावर आली. टोली गोळा झाली. शकुबाईने माझ्या भोवती एक फेरी मारली आणि आधी मुखरूकडे वळली.

“काऊन रे, तुया डोंगा कुठी हाय?”

“डोहात.”

“बुडवलेला?”

“हो.”

“आन माया उन्हात. तुले नाई समजलं?”

“आमाले वाटलं, बाई शिकून आल्या…”

“तुले वाटलं. पत्रूले वाटलं. एकाच्याही तोंडून नाई निघालं?”

मग ती इंगाबाईसमोर उभी राहिली. इंगाबाई रडत नव्हती. मान ताठ होती, पण ओठ पांढरे पडले होते.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी आधी तुमचाच काढला. तुम्ही एकट्या, म्हणून. नंतर बाकीचे सगळे काढणार होते.”

बाकीचे सगळे, हे ऐकून मागे उभ्या असलेल्या ढिवरांच्या अंगावर काटा आला असावा. शकुबाईने टोपली खाली ठेवली.

“मी एकटी म्हनून मले इचारायचं नाई?”

“मी हा दुरुस्त करेन.”

“कसा?”

इंगाबाई तोंड उघडणार होती, पण थांबली. मग तिने ते विचारलं, जे तिने इतक्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

“कसा करू, शकुबाई?”

“आता बरोबर,” शकुबाई म्हणाली. “पयले याले पान्यात नेऊ. थंडा होऊ दे.”

पाण्यात मी फुगलो, भेग अर्धी मिटली. इंगाबाई लोखंडाच्या पट्ट्या आणि खिळे मारू म्हणत होती. सावरीला खिळा मारला की ती आणखी फाटते, शकुबाई म्हणाली. मग इंगाबाईला तिच्या आजोबांची आठवण झाली. तिच्या देशाच्या उत्तरेला पूर्वी खिळ्यांशिवाय होड्या शिवत असत, दोऱ्याने, कपड्यासारख्या. शकुबाईने पळसाच्या मुळ्या कुटून वाख काढून दोरा वळला, भेगेत भरायला राळ तेलात कढवली. इंगाबाईने भेगेच्या दोन्ही कडांना भोकं पाडून टाके घातले. टाका तिचा, दोरा हिचा. प्रत्येक टाक्याआधी शकुबाई म्हणायची, “इचार.” आणि इंगाबाई विचारायची, “घालू?” कधी उत्तर यायचं “घाल,” कधी “नोको, तिथी नोको.” ते नोको ऐकून इंगाबाईला आनंद व्हायचा. सगळ्या टोलीत तिला नाही म्हणणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

आषाढात नदी भरली आणि गुणवंतरावांची जीप आली. घाटावर पोचण्याआधीच त्यांना सगळं कळलं होतं. अशा बातम्यांना वाट विचारावी लागत नाही.

“मी म्हणालो नव्हतो?” ते इंगाबाईला म्हणाले. “तुमचं शिक्षण तिकडचं. इथं ते कामाचं नाही. शकुबाई, तुमचं नुकसान झालं आहे. तुम्ही फक्त एकदा म्हणा, मी यांना आजच परत पाठवतो. आपल्याकडची शिकलेली बाई देईन.”

“मागच्या साली दिली होती नं तुमी,” शकुबाई म्हणाली.

“दिली होती.”

“थे बाई जीपमधून खाली नाई उतरली, भाऊ. चपलीले चिखल लागते म्हणे. तिनं आमचं कायीच नुकसान नाई केलं. हिनं केलं. म्हंजे हिनं हात त लावला.”

लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत.

“उद्या आणखी काही फोडेल.”

“फोडन, त इथंच बसून शिवन. तुमी बसा डोंग्यात. तुमाले पल्याड जायचं हाय नं?”

“या? फाटक्या?”

“शिवलेल्या.”

दुसरा रस्ता दिवसभराच्या वळशाचा होता. गुणवंतराव बसले. पुढे शकुबाई बांबू घेऊन, मागे इंगाबाई. आणि मी, मित्रांनो, मी काय सांगू? मला दात असते तर मी ते आवळले असते. त्या दिवशी माझ्या पोटात एक नोकरी बसली होती.

मधल्या धारेला एक टाका सैल झाला. पाणी आत येऊ लागलं, साहेबांच्या बुटांपर्यंत. इंगाबाईला ते लपवता आलं असतं. डोक्याचा रुमाल भेगेवर टाकून, काही झालंच नाही असं बसता आलं असतं. पण ती मोठ्याने म्हणाली, “शकुबाई, पाणी येऊन राह्यलं. काय करू?”

“उपस. साहेब, तुमी बी उपसा.”

“कशाने?”

“टोपी हाय नं डोक्यावर.”

गुणवंतरावांनी टोपी काढली आणि उपसायला लागले. पलीकडे उतरले तेव्हा ते घोट्यापर्यंत भिजले होते. त्यांनी टोपी पिळून डोक्यावर ठेवली.

“ठीक आहे,” शेवटी ते म्हणाले. “हिला ठेवतो. पण समाजसेविका म्हणून नाही. मदतनीस म्हणून. दाखला आपला नाही ना.”

इंगाबाई पाण्यातच उभी होती.

“नाही,” ती म्हणाली. “मी शिकलेली समाजसेविका आहे. चुकले, ते समाजसेविका म्हणूनच चुकले. सुधारलं, तेही तशीच. काम तेच द्यायचं आणि नाव दुसरं लिहायचं, हे मला चालणार नाही. नाहीतर मला परत पाठवा.”

टोलीतल्या कुणी साहेबाशी असं बोललं नव्हतं. गुणवंतराव शकुबाईकडे वळले, तिने समजूत घालावी म्हणून.

“बरोबर हाय तिचं,” शकुबाई म्हणाली आणि बांबू उचलला. “चाल इंगा. डोंगा नेऊ.”

“अहो, मला संध्याकाळी परत यायचं आहे. जीप तिकडे आहे.”

“मदतनीस आनन तुमाले. भेटली म्हंजे.”

“मुखरूचा डोंगा?”

माणसं सोडायला त्याच काठाला आलेला मुखरू ओरडला, “माया आज बिघडला, साहेब.” त्याचा डोंगा त्याच्या पायाशीच धडधाकट डुलत होता.

आम्ही खरंच परत निघालो. धारेपर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली. “थांबा. समाजसेविका. समाजसेविका म्हणूनच लिहितो. पण संध्याकाळी या.”

संध्याकाळी आम्ही गेलो. तोवर टाका घट्ट केला होता.

इंगाबाई पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे होती. तिने पुष्कळ चुका केल्या, पण प्रत्येक नवी. आणि टोलीही बदलली. काही पटलं नाही की माणसं तिच्या तोंडावर म्हणायची, “नाई बाई.” ती हसायची आणि खाली बसून विचारायची, “मंग कसं?”

आता पूल झाला आहे. डोंग्याने कुणी जात नाही. शकुबाई नाही, इंगाबाई नाही. मी काठाच्या चिखलात पडून आहे, आणि मला कुणाची कीव नको. मी शिवलेल्या अंगाने पुष्कळ पूर पार केले आहेत.

सांगायचं आहे ते एवढंच. तुमच्या गावात कुणी परक्या मुलखातून काम मागायला आलं, तर त्याचा दाखला जरूर बघा. पण पहिल्या चुकीला त्याला घालवून देऊ नका, आणि त्याच्या कामाला हलकं नाव देऊ नका. आणि तो चुकताना दिसला तर सावलीत बसून बघू नका. माझ्या अंगावरची भेग इंगाबाईने एकटीने पाडली असं लोक म्हणतात. खोटं आहे. अर्धी तिच्या न विचारण्याने पडली, अर्धी सगळ्या टोलीच्या गप्प बसण्याने.

मी लाकूड होतो, मित्रांनो. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.