गुलामचोर

मार्सिया जेवायला येणार म्हणून सुचेतानं सकाळपासून वडिलांच्या मागे धोशा लावला होता. "बाबा, ती मितालीची टीचर आहे. प्लीज, आज काही घोळ नको."

"मी काय घोळ घालणार? मला इथं बोलता कुठे येतं?" पंढरीनाथ म्हणाले.

ते खरंच होतं. बायको, लीलावती, गेली आणि सुचेतानं त्यांना पुण्याहून उचलून जपानला, त्सुकुबाला आणलं. इथं आल्यापासून त्यांना कशाचाच उलगडा होत नव्हता. साधा कचरा टाकायचा, तर तोही चुकायचा. त्यांनी ठेवलेली पिशवी कचरागाडीवाल्यांनी लाल चिठ्ठी लावून तिथंच सोडलेली असायची आणि शेजारीण हसून, वाकून, न समजणारं काहीतरी सांगून जायची. दुकानात सुचेतानं 'बाबा' म्हणून हाक मारली की नात मिताली खुदकन हसायची. का हसते, तेही त्यांनी विचारलं नव्हतं.

मिताली चौथीत होती. शाळेत ती तोंड उघडत नसे. उघडलं ते फक्त मार्सियापुढे. मार्सिया जमैकाची, शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. दुपारच्या सुट्टीत दोघी बोलत बसायच्या. ही बाई दुखावली तर पोर पुन्हा गप्प होईल, हीच सुचेताची धास्ती होती.

जेवण नीट पार पडलं. मार्सियानं आमटी दोनदा मागून घेतली. मग मितालीनं आजोबांच्या खोलीतून पत्त्यांचा डबा आणला.

तो डबा लीलावतीचा. संध्याकाळची दिवाबत्ती झाली की दोघं त्यातले पत्ते काढून बसायची. ती गेल्यापासून पंढरीनाथांनी तो उघडला नव्हता. पण पाहुणीसमोर नाही कसं म्हणायचं? त्यांनी पत्ते पिसायला घेतले. पत्ते मऊ पडले होते, कापडासारखे.

"गुलामचोर खेळू या," मिताली म्हणाली.

खेळ सोपा. चारातला एक गुलाम आधीच काढून ठेवायचा. मग लालाशी लाल, काळ्याशी काळा, अशा जोड्या लावायच्या आणि शेजाऱ्याच्या हातातलं एकेक पान न बघता ओढायचं. शेवटी बिनजोडीचा गुलाम ज्याच्या हातात राहील, तो हरला. लीलावती नेहमी इस्पिकचा गुलाम काढून ठेवायची. मागे राहायचा किलवरचा, काळा. तो पंढरीनाथांच्याच हातात सापडला की म्हणायची, "अहो, काळा गुलाम तुमच्याच पदरात."

आज तो पहिल्या वाटपातच त्यांच्याकडे आला. त्यांनी तो पंख्यासारख्या धरलेल्या पत्त्यांत जरा वर काढून ठेवला, लीलावतीला फसवायला ठेवायचे तसा. मार्सियानं बोट फिरवलं आणि नेमका तोच ओढला. पंढरीनाथ कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं हसले.

"गेला, गेला. काळा गुलाम गेला."

"आजोबा काय म्हणाले?" मार्सियानं विचारलं.

मितालीनं सांगितलं. जसंच्या तसं, इंग्रजीत. पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत वेगळं नाव असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं शब्दाचा अर्थ सांगितला, आणि काळ्याचाही.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मार्सिया हातातल्या पत्त्याकडे बघत राहिली. पंढरीनाथांना एवढंच कळलं की काहीतरी झालं आणि ते आपण केलं.

सुचेता हात पुसत आली. "मार्सिया, आय अ‍ॅम सो सॉरी. ते फक्त पत्त्याचं नाव आहे. बाबा, तुम्ही पण ना."

"खेळाचं नाव काय?" मार्सियानं विचारलं.

"स्लेव्ह इज थीफ," मिताली म्हणाली.

"नाही, नाही," पंढरीनाथ घाईनं म्हणाले. "सांग तिला. चोर तो नाही. ज्याच्या हातात तो शेवटी सापडतो, तो चोर. गुलाम चोरणारा."

बोलून झाल्यावर ते स्वतःच थबकले. जन्मभर हा शब्द तोंडात होता, पण फोडून कधी पाहिला नव्हता.

मितालीनं सांगितलं. मार्सियानं ऐकलं आणि ती हसली. पण ते हसू गमतीचं की कसलं, हे पंढरीनाथांना ओळखता येईना.

"मग नाव बरोबर आहे," ती म्हणाली.

"आपण त्यापेक्षा बाबानुकी खेळू," सुचेता म्हणाली. "तोच खेळ. फक्त जोकर घालायचा."

"जपानीत बाबा म्हणजे म्हातारी बाई," मिताली आजोबांना समजावू लागली, "आणि नुकी म्हणजे काढून टाकायची. जिच्याकडे म्हातारी राहते—"

"ते नको," पंढरीनाथ म्हणाले. आवाज जरा चढला. दुकानातलं हसू त्यांना आत्ता कळलं. पण गुलाम नको, म्हातारीही नको, तर खेळायचं काय?

तेवढ्यात भूकंपाचा हलका धक्का बसला आणि वरचा दिवा हलला. सगळे दिव्याकडे बघत बसले. हलायचा थांबल्यावर मार्सियानं विचारलं, "याचा जोडीदार कुठे आहे?"

पंढरीनाथांनी डब्याच्या तळाचा कागद उचलला. खाली इस्पिकचा गुलाम होता. कधी खेळात आलाच नव्हता, त्यामुळे कोरा, ताठ. मार्सियानं दोघांना शेजारी ठेवलं. किलवरचा मळलेला, कोपरे झिजलेले. जोडी वाटेचना.

मग ती सांगू लागली आणि मिताली अडखळत मराठी करू लागली. मार्सियाच्या पणजीची आजी उसाच्या मळ्यावर गुलाम होती. तिच्या बहिणीला मालकानं दुसऱ्या मळ्याला विकलं. गुलामी कायद्यानं उठली तेव्हा ती बहिणीला शोधत मळ्यामळ्यांतून पायी हिंडली. सापडली नाही. "आमचं आडनाव त्या मालकाचंच आहे," मार्सिया म्हणाली. "आणि माझी आजी अजून प्रत्येक अनोळखी माणसाला विचारते, तुझी माणसं कुठली?"

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच कारणासाठी, जात कळावी म्हणून विचारतात, हे पंढरीनाथांना माहीत होतं. त्यांनीही विचारला होता, कितीतरी जणांना.

"त्या भेटल्या असत्या तर एकमेकींना ओळखलं असतं का?" मितालीनं आपल्या मनानं विचारलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत.

मार्सियानं दोन्ही गुलाम पत्त्यांत घातले आणि पत्ते पंढरीनाथांपुढे सरकवले. त्यांनी वाटले. पान ओढत, जोड्या टाकत डाव संपला आणि तिघांचेही हात रिकामे झाले.

"मग हरलं कोण?" मिताली म्हणाली. "याला काय अर्थ आहे?"

लीलावती काय म्हणाली असती, ते पंढरीनाथ आठवू लागले. तिच्याकडे या डावाला वाक्यच नव्हतं.

जाताना मार्सियानं मितालीचे केस विस्कटले. "आजोबांना सांग, पुढच्या शनिवारी पत्ते मी वाटणार." सुचेतानं दार लावून घेतलं आणि पाठ त्याला टेकून उभी राहिली. मिताली मात्र, मार्सिया आमटी कशी पीत होती, ते आईला करून दाखवू लागली. कितीतरी वेळ बोलत होती.

पंढरीनाथ पत्ते आवरायला बसले. इस्पिकचा गुलाम त्यांनी कागदाखाली ठेवला. तिनं तो तिथंच ठेवला असता. मग काढला. पत्त्यांत घातला. मग दोन्ही गुलाम बाहेर काढले, बघत बसले आणि ते हातातच ठेवून डब्याचं झाकण लावलं.

मिताली जवळ आली. "आजोबा, तुमच्याच हातात राहिले."

"हो ना," ते म्हणाले. "दोन्ही."