सोनईचे मामा माझी चौकशी करतात

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलीचा मामा गुपचूप मुलाच्या गावी येऊन चौकशी करतो. गुपचूप म्हणजे किती, तर तो यायच्या दोन दिवस आधी सगळ्या पाथर्डीला माहीत असतं. मामा एसटी स्टँडवर उतरतो, आधी चहा घेतो, मग भाजी घ्यायच्या निमित्ताने कोपऱ्यावर उभा राहतो आणि शेवटी घरून दाढी करून आलेला असूनही सलूनमध्ये शिरतो. असा माणूस दिसला की लोकच त्याला विचारतात, "कुणाचं स्थळ?"

माझं नाव नृसिंह सबनीस. वय एकतीस. नाव ऐकून माणसं जरा दबकतात, मग मला बघून सैल होतात. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, फॉर्मही भरून देतो. बायोडेटात 'स्वतःचा व्यवसाय, दोन मशिनरी' असं लिहिलंय. त्यातली एक झेरॉक्सची आहे. दुसरा पंखा आहे.

आतापर्यंत सात स्थळं झाली होती. कुणाला सरकारी नोकरी हवी होती, कुणाला पुण्यात फ्लॅट. पाचव्यांनी तर सांगितलं, "मुलगा ठीक आहे, पण पाथर्डीत आहे." हा नकार मला होता की गावाला, ते अजून कळलेलं नाही.

आठवं स्थळ सोनईचं. मुलीचं नाव लीना. तिच्या बायोडेटात 'अपेक्षा' या रकान्यात एकच ओळ होती : 'खोटं बोलणारा नको. बाकी चालेल.' ती मी चाळीसेक वेळा वाचली. 'बाकी चालेल' असं मला आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. माझ्यात जे काही आहे ते सगळं बाकीतच मोडतं. तिचा फोटो मी त्यानंतर बघितला, आणि मग मात्र जेवणावरची वासना गेली. म्हणजे दोन पोळ्या कमी.

मंगळवारी मामा येणार असा निरोप आला. खोटं न बोलणारा मुलगा हवा असलेल्या मुलीच्या मामासाठी मी काय करावं? मी एका कागदावर टाईप केलं : 'मुलगा निर्व्यसनी, स्वभावाने शांत, आईवडिलांच्या आज्ञेतला आणि मोठ्यांचा मान राखणारा.' त्याच्या पंधरा झेरॉक्स काढल्या, कापल्या आणि मामाच्या वाटेवर वाटल्या. स्टँडवरच्या जैनुद्दीनचाचांना एक, भाजीवाल्या कडूबाईला एक, सलूनवाल्या रविराजला एक. फोटो स्टुडिओवाला जीशान माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने कागद वाचला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"नऱ्या, अरे माणूस काय बोलायचं ते आपल्या मनानं बोलंल की."

"मनानं बोलू नये म्हणूनच वाटतोय."

"व्हय, तेबी खरं हाय," तो म्हणाला आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

मामा अकराच्या एसटीने येणार होता. मी साडेआठलाच रविराजच्या खुर्चीत बसलो. रविराजने कसला तरी काळा लेप नवीनच आणला होता. लेपाने चेहरा उजळतो म्हणे. त्याने माझ्या तोंडाला डांबर फासावं तसा तो फासला, डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या ठेवल्या आणि मानेभोवती चादर आवळली.

"वीस मिन्टं हसायचं न्हाई, बोलायचं न्हाई. तडा गेला तर डाग पडत्यात."

मी मान हलवली नाही, कारण मान हलवायची की नाही ते त्याने सांगितलं नव्हतं.

दहा मिनिटं झाली असतील. बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला, पुन्हा निघून गेल्याचाही झाला. त्यानंतर बराच वेळ काही नाही. रविराज दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नादात माझी वीस मिनिटं विसरला असावा. मग दारातून आवाज आला, "राम राम. दाढी करायची हुती. सोनईहून आलोय."

अकराची एसटी अजून यायची होती. मामा जीपने आला होता.

शेजारची खुर्ची करकरली. पाणी मारल्याचा आवाज. मग मामा अगदी सहज म्हणाला, "इथं ते सबनीसांचं पोरगं हाय ना, झेरॉक्सवालं. कसं हाय वो?"

रविराजने चिठ्ठी आरशावर चिकटवलेली होती. तो शाळेतल्यासारखा वाचायला लागला. "मुलगा निर्व्यसनी, स्वभावाने शांत, आईवडिलांच्या आज्ञेतला आणि... आणि..." पुढच्या शब्दांवर त्याने कंगवा अडकवला होता.

"आणि मोठ्यांचा मान राखणारा," मामा म्हणाला.

"तुमाला कसं कळलं?"

"चहावाल्यानं हेच सांगितलं. फोटोवाल्यानं हेच सांगितलं. अन् ती भाजीवाली कडूबाई, तिनं तर कागदच काढून माझ्या हातात दिला. म्हणली, मला वाचाया येत न्हाई दादा, तुमीच वाचून घ्या."

वस्तरा पट्ट्यावर घासल्याचा आवाज यायला लागला.

"बावीस वर्सं चौकशा करतोय मी," मामा म्हणाला. "नऊ भाच्या उजवल्या. गावात एक माणूस वाईट बोलत न्हाई असं पोरगं, एक तर गुंड असतंय, न्हाईतर..."

"न्हाईतर?" रविराजने विचारलं.

"न्हाईतर झेरॉक्सवालं."

मग त्याचा आवाज माझ्याकडे वळला. "हे पाव्हणं कोण? यांना बी दिलाय का कागद?"

"यांना न्हाई दिला," रविराज म्हणाला. हे अक्षरशः खरं होतं.

"मग तुमीच सांगा राव. वळखता का त्या पोराला?"

पळून जावं म्हटलं तर चादर आवळलेली आणि डोळ्यांवर काकडी. त्या अवस्थेत मी फार तर आरशात शिरलो असतो. गप्प बसावं, तर गप्प बसणारा साक्षीदार सगळ्यात वाईट. मी ओठांच्या फटीतून म्हणालो, "ओळखतो. लहानपणापासून."

"कसा हाय?"

चांगला म्हणालो असतो तर मामाला पाचवी झेरॉक्स मिळाली असती. विश्वास बसावा म्हणून एखादा बारीकसा दोष सांगावा, असं मी ठरवलं.

"थोडा आळशी आहे."

शेजारची खुर्ची जोरात करकरली. मामा अर्ध्या दाढीनिशी माझ्याकडे सरकला होता. "हां! आता बोला."

इतक्या मन लावून माझ्याबद्दल आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं, आईनेसुद्धा. मला ते आवडलं. तिथेच घोटाळा झाला.

"दुकानावर नऊची वेळ लिहिलीय," मी म्हणालो. "उघडतो साडेदहाला."

"व्यसन?"

"नाही. पण ते धाडस नाही म्हणून."

"राग?"

"येतो. समोरचा निघून गेल्यावर."

"दोन मशिनरी लिहिल्यात."

"एक पंखा आहे."

"उंची पाच आठ?"

"पाच साडेपाच. केस धरून."

"अन् हा फोटोतला कोट?"

"जीशानच्या कॉम्प्युटरमधला आहे. आत बनियन होतं."

"तरीच!" मामाने मांडीवर थाप मारली असावी. "हाच कोट मी श्रीगोंद्याच्या स्थळात बघितला. तवाच म्हणलं, दोघं सख्खे भाऊ हायेत का काय."

जीशान नंतर सांगत होता की तो दारात उभा राहून मला दोन्ही हातांनी गप्प बस म्हणून खुणावत होता. काकडीमुळे मला ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी थांबलो असतो का, सांगता येत नाही.

"थांबा," मामा म्हणाला. "लीनालाच लावतो फोन. बावीस वर्सांत पयल्यांदा असा माणूस घावलाय, तिलाच ऐकू द्या."

मी तोंड उघडेपर्यंत रिंग वाजायला लागली होती. स्पीकरवर. मामाने तिला थोडक्यात सांगितलं की पाथर्डीत एक खरं बोलणारे गृहस्थ सापडलेत, तोंड काळं आहे, पण माणूस सरळ आहे.

"नमस्कार काका," लीना म्हणाली.

काका! एकतिसाव्या वर्षी.

"नमस्कार," मी म्हणालो.

"मला एकच विचारायचंय. माझं सोनईत मेडिकल आहे. तीन वर्षं झाली, आता कुठे जम बसतोय. लग्न झालं म्हणून मी ते बंद करणार नाही. आधीच्या दोघांनी मला 'बघू नंतर' असं सांगितलं. बघू नंतरचा अर्थ मला कळतो. हे सबनीस सोनईला येतील का राहायला?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लग्न म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सामान घेऊन माझ्याकडे यायचं, अशीच माझी समजूत होती. मी डोळे मिटून, म्हणजे ते मिटलेलेच होते, माझ्याशिवायची पाथर्डी डोळ्यांसमोर आणून पाहिली. पाथर्डीला काही अडचण दिसली नाही. तहसील उघडलेलं होतं, जैनुद्दीनचाचा चहा गाळत होते, कडूबाई कुणाला तरी शिव्या देत होती. मग सोनईत मेडिकलच्या शेजारी बसलेला मी पाहिला. तो मी साडेदहाला नव्हे, नऊला दुकान उघडत होता, कारण शेजारच्या दुकानातून कुणीतरी बघत होतं.

"येईल," मी म्हणालो.

"बघू नंतर म्हणणार नाहीत?"

"नाही. फॉर्म काय, सोनईतही भरावे लागतातच. मशीन छोट्या टेम्पोत बसतं."

"काका, तुम्ही एवढ्या खात्रीने कसं सांगता? त्यांना विचारलंय का तुम्ही?"

इथवर मी एकही खोटं वाक्य बोललो नव्हतो. त्याचा मला आतल्या आत अभिमानही वाटत होता. पण आता पुढचं वाक्य एक तर खोटं असणार होतं, नाहीतर शेवटचं.

"आत्ताच विचारलं," मी म्हणालो.

"आत्ता? कधी?"

"तुम्ही मला विचारलंत तेव्हा."

मग ती हळू म्हणाली, "मामा, हे कोण आहेत?"

"मी नृसिंह सबनीस," मी तोंड पूर्ण उघडून म्हणालो.

"गेला तडा!" रविराज ओरडला.

डोळ्यांवरच्या चकत्या कुणीतरी उचलल्या. समोर मामा. एका गालावर साबण, एका हातात काकडी. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातून बायोडेटा काढून फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुमची चौकशी तुमीच दिली?"

"तुम्हीच विचारलंत."

"अन् वाईट सांगितलं?"

"चांगलं सगळं आधीच वाटून झालं होतं."

मामा खुर्चीत बसला. हसावं की उठून जावं हे त्याचं ठरत नव्हतं आणि साबण वाळत चालला होता. फोन त्याच्या मांडीवर तसाच चालू होता. त्यातून लीनाचा आवाज आला, "मामा, त्यांचं तोंड धुवा आणि फोटो काढून पाठवा. कोट घालू नका."

फोन बंद झाला.

धुवायला घेतल्यावर कळलं की लेप वीस मिनिटांचा होता आणि माझ्या तोंडावर तो तासभर राहिला होता. रविराजने तो ओढून काढला. त्याच्याबरोबर माझी अर्धी डावी भुवई गेली. उरलेला चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा झाला. "ह्यालाच ग्लो म्हंत्यात," रविराज म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मामाने फोटो काढला. ओले केस, लाल तोंड, दीड भुवई, गळ्यात सलूनची चादर. पाठवला. आम्ही चौघं मामाच्या मोबाईलवर वाकलो. जीशान केव्हाच आत आला होता. दोन निळ्या खुणा झाल्या. 'टायपिंग' दिसलं. गेलं. पुन्हा दिसलं.

"हे सात जणांच्या वेळी झालं न्हाई," जीशान कुजबुजला. "टायपिंगपर्यंत कुणी आलंच न्हाई."

मेसेज आला. मामाने चष्मा लावून मोठ्याने वाचला. "'चेहऱ्याला कॅलामाईन लावा, दिवसातून दोनदा. चोळू नका. कागद वाटले त्याचा मला राग आलाय, तो मी समोर बोलणार आहे. रविवारी त्यांना घेऊन या.'"

"म्हंजे काय समजायचं?" रविराजने विचारलं.

"म्हंजे औषद दिलंय," मामा म्हणाला आणि उरलेली अर्धी दाढी करायला मान मागे टाकली. "नऊ भाच्यांत एकीनं बी असं केलं न्हाई. ही लई हट्टी हाय, ते तेवढं सांगून ठेवतो. माझ्याकडं कागद न्हाई."

मी घरी गेलो. वडील ओसरीत पेपर वाचत होते. ते निवृत्त मास्तर आहेत, त्यामुळे पेपरही चुका शोधत वाचतात. म्हटलं, आधी अवघड विषय काढावा.

"मी सोनईला राहायला जायचं म्हणतोय. लग्न ठरलं तर. कायमचा."

त्यांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. मी मनाची तयारी केली. एकुलता एक मुलगा, सबनीसांचं घर, असं काहीतरी येणार होतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"अजून काहीच ठरलं नाही. रविवारी नुसतं भेटायला बोलावलंय."

"ते ठरेल तेव्हा ठरेल. माळ्यावरचं तुझं सामान काढायला माणूस सांगून ठेवतो," ते म्हणाले आणि पेपर उचलला. पण पेपर उलटा धरला होता आणि बराच वेळ त्यांना त्यात एकही चूक सापडली नाही.

आई बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. मला खरंच बरं वाटलं. मी तिच्या जवळ जाऊन म्हणालो, "अगं, सोनई काही लांब नाही."

"सोनईचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली. "भुवई कुठाय तुझी? रविवारी हे असं तोंड घेऊन जाणार तू?"

"हेच घेऊन जावं लागेल," मी म्हणालो. "बोलावणं याच तोंडाला आलंय."

आणि मी कॅलामाईन शोधायला निघालो.