नवव्या पायरीपर्यंत

उद्यानाच्या मुख्य फाटकाजवळच्या माहिती केंद्राला नऊ पायऱ्या आहेत. प्रत्येकीची उंची अठरा सेंटिमीटर, फक्त सहावीची एकवीस, कारण ती मागाहून दुरुस्त केलेली आहे. हे मला माहीत आहे, कारण मी त्या मोजल्या. मोजल्या नसत्या तर बरं झालं असतं.

पायऱ्या चढून आलं की समोर काउंटर, त्यावर काचेखाली उद्यानाचा नकाशा. काउंटरमागे वाटाडेकाका बसायचे. वाटाडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. एकतीस वर्षं ते येणाऱ्या माणसांना दिवस आखून देत होते: कुठली वाट चालायची, कुठे बसने जायचं, काय या खेपेला सोडून द्यायचं. नोकरी मात्र दरवर्षी नव्या आदेशावर. केंद्रामागच्या दोन खोल्याही त्याच आदेशाबरोबर मिळालेल्या.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून सहा महिन्यांच्या करारावर तिथे लागले होते. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक वही असते. त्यात माणसं जाताना आणि येताना वेळ लिहितात. त्या वह्या संगणकात चढवणं हे माझं काम. काका मला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणायचे, आणि मी काही विचारायच्या आधीच ‘आलीस का उलटतपासणीला?’ म्हणून पेन्सिल खाली ठेवायचे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ धडाधड पायऱ्या चढून आले. कोरे बूट, गळ्यात दुर्बीण.

“एकच दिवस आहे आमच्याकडे. सकाळी धबधबा, दुपारी वरचा तलाव, संध्याकाळी कडा. कसं जायचं सांगा.”

“आणि उरलेल्या वेळात?” काकांनी विचारलं.

गृहस्थांना हसावं की चिडावं कळेना. काकांनी खिडकीतून बाहेर नजर टाकली. गृहस्थांची आई चौथ्या पायरीवर कठडा धरून उभी होती. मग त्यांनी फुकट वाटायचा नकाशा पुढे ओढला आणि लाल पेन्सिलीने एक रेघ काढली. धबधब्याची वाट, चार किलोमीटर, सावलीची. तिथून बसने कुरणापर्यंत, तिथे हरणं दिसतात. रेघेवर एक फुली.

“ही फुली म्हणजे दुपारचा एक. इथे पोचा नाहीतर पोचू नका, एक वाजला की मागे फिरायचं.”

“अहो, पण तलाव बघायला तर आलोय आम्ही!”

“तलाव कुठे पळून जातोय? पुढच्या खेपेला या.”

गृहस्थ पुटपुटत गेले. संध्याकाळी वही आली. पाच वाजून दहा मिनिटांनी सगळे परत, आणि शेऱ्याच्या रकान्यात थरथरत्या अक्षरात ‘हरणे फार सुंदर’.

“तुम्ही ठरवता कसं?” मी विचारलं.

“बघून.”

“काय बघून?”

“पायऱ्या चढताना कळतं गं माणूस.”

एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरलं.

रोज अकराच्या सुमारास मागच्या खोल्यांतून काकू थर्मास घेऊन यायच्या. त्यांच्या हृदयाच्या एका झडपेत दोष होता. त्या पायऱ्यांच्या वाटेला जायच्याच नाहीत, मागच्या दाराशी स्टुलावर बसायच्या.

“एकतीस वर्षं झाली इथे येऊन,” त्या एकदा मला म्हणाल्या, “सगळ्या जगाला तलाव दाखवला यांनी. मी अजून फोटोतच बघते.”

“सीझन संपला की जाऊ म्हणत होतो ना,” काका म्हणाले.

“सीझन संपला की वाटही बंद होते, ते नाही सांगत.”

दोघंही हसले. त्यांचं हे बोलणं आधी खूपदा झालेलं असणार.

मग एके दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, समोरच्याला आधी बसायला सांगायचे. ते म्हणाले, सीझनच्या शेवटी काउंटरऐवजी एक यंत्र बसवायचा विचार आहे. माणसाने वय, आवड, हाताशी असलेला वेळ भरायचा, यंत्र वाट सुचवेल. “वाटाडेंचा आदेश पुढच्या वर्षी निघेल असं वाटत नाही. त्यांना अजून सांगू नका.”

मी त्यांना सांगितलं नाही. त्याऐवजी मी त्यांना वाचवायचं ठरवलं.

माझा विचार सरळ होता. साहेबांना वाटतं, काउंटरवर बसून कोणीही नकाशे वाटू शकतं. काकांचा अंदाज किती अचूक असतो, हे आकड्यांत दाखवलं तर ते असा माणूस सोडणार नाहीत. एक्केचाळीस दिवस मी खिडकीशी घड्याळ घेऊन बसले. काउंटरवर बोलायला येणाऱ्या माणसाला नऊ पायऱ्यांना किती सेकंद लागतात, काका त्याला कुठली वाट देतात, आणि वहीप्रमाणे तो वेळेत परततो की नाही. तीनशे बारा नोंदी झाल्या. काकांची रेघ पाळणारे शंभरातले चौऱ्याण्णव वेळेत परतले होते. काउंटरवर न येता परस्पर गेलेल्यांतले एकसष्टच.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला कुतूहल होतं. मी सेकंद आणि वाटा समोरासमोर मांडून आलेख काढला. बारा सेकंदांच्या आत चढणाऱ्याला वरचा तलाव, अकरा किलोमीटर. विसापर्यंत धबधबा. तिसापर्यंत कुरणातली गोल वाट. त्यापुढे वाहनतळाजवळचं बाक, जिथून कडा दिसतो. दहातल्या आठ वेळा काकांचा निर्णय या तक्त्याशी जुळत होता. एखाद्या माणसाच्या डोक्यातलं गणित बाहेरून ओळखता आलं याचा मला इतका आनंद झाला की मी तो आलेख अहवालाच्या पहिल्याच पानावर घातला.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

“म्हणजे पायऱ्या चढायला लागलेला वेळ कळला की वाट ठरवता येते?”

“बऱ्याच अंशी. पण सर, मुद्दा असा आहे की काका…”

“बऱ्याच अंशी म्हणजे किती?”

“ऐंशी टक्के.”

“ऐंशी पुष्कळ झाले!” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “अहो, ती यंत्रवाली कंपनी लोकांकडून वीस प्रश्न भरून घ्यायचं म्हणत होती. कोण भरणार? तुम्ही तर एका प्रश्नावर आणलंत.”

मी म्हणाले, उरलेल्या वीस टक्क्यांचा उलगडा झालेला नाही. साहेब म्हणाले, तो सवडीने करा. आणि माझा करार सहा महिन्यांवरून दोन वर्षांवर नेला.

यंत्र तीन आठवड्यांत आलं. पहिल्या पायरीवर एक अदृश्य किरण, नवव्या पायरीवर दुसरा. पहिला पाय पहिल्या पायरीवर पडला की मोजणी सुरू, नवव्या पायरीवर पहिला पाय पडला की बंद. दरम्यान मागून कितीही माणसं चढली तरी यंत्राला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं, आणि उतरणारे पाय तर ते धरतच नसे. चिठ्ठी बाहेर यायची, तिच्यावर वाट, अंतर, आणि खाली ‘शुभेच्छा’.

काकांना महिनाअखेरपर्यंत बसून राहायला सांगितलं होतं. अहवाल त्यांनी साहेबांच्या टेबलावरच वाचला.

“शास्त्रज्ञबाई,” ते म्हणाले, “एकतीस वर्षं लागली मला हे जमायला. तू एका पानात बसवलंस.”

“काका, मी तुमच्यासाठी केलं होतं ते.”

“हो गं, माझंच नाव आहे वर.” त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. काम नसलं की ते तेच करायचे.

दहा दिवसांनी एक जोडपं आलं. नवरा अकरा सेकंदांत वर. चिठ्ठी: वरचा तलाव. काकांनी खिडकीतून बघितलं आणि ते उठून म्हणाले, “साहेब, तुम्ही कुरणात जा आज.” नवऱ्याने चिठ्ठी त्यांच्यासमोर हलवली. “यात तसं लिहिलेलं नाही.” बायको तेव्हा कुठे सहाव्या पायरीशी पोचली होती. तिने काही म्हणायला तोंड उघडलं, तोवर नवरा पलीकडच्या दाराने निघाला होता.

तो साडेतीनला परत आला. ती आलीच नाही. तो वहीत वेळ लिहून, हातपाय धुऊन बाकावर बसला होता, मागून येतेच आहे म्हणत. साडेसहाला दोन रक्षक तिला घेऊन आले. बूट हातात होते, एक घोटा सुजलेला. ती नवऱ्याच्या बाकाजवळून तशीच पुढे गेली. गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. त्यांनी नोंद उघडून बघितली.

“यंत्राचं बरोबरच होतं की. तो वेळेत परतलाय.”

“आणि ती?”

“तिची चिठ्ठी कुठे निघाली होती?”

मी काउंटरवर परत आले. काका नकाशावरची काच पुसत होते.

“तुम्ही काल तिच्याकडे बघितलंत. त्याच्याकडे नाही,” मी म्हणाले.

“जो आधी वर येतो त्याच्याकडे काय बघायचं? तो स्वतःच सांगत असतो की मी असा नि मी तसा. मागे कोण राहिलंय, आणि पुढचा त्याच्यासाठी थांबतो का, ते बघायचं. थांबणारा असला तर लांबची वाटही द्यावी. न थांबणाऱ्याला जवळची.”

मी तिथल्या तिथे संगणक उघडला. न जुळणाऱ्या वीस टक्क्यांतल्या नोंदी एकेक करून बघितल्या. दुर्बीणवाले गृहस्थ आईला घेऊन दुसऱ्यांदा आले होते, तेव्हा त्यांना नऊ सेकंद लागले होते, तक्त्याप्रमाणे त्यांना तलाव मिळायला हवा होता. मी त्यांच्यापुढे ‘त्रुटी’ असं लिहिलं होतं. त्यांच्या आईसाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“विचारलंस कुठे? तू मोजत होतीस.”

रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. ते काच पुसता पुसताच म्हणाले.

मी पुरवणी अहवाल लिहिला. साहेबांनी पोच दिली आणि पुढच्या अर्थसंकल्पात बघू म्हणाले.

महिनाअखेरीला सकाळीच टेंपो आला. दोन खोल्यांचं सामान असं कितीसं असणार, नऊच्या आत भरून झालं. दोघं मुलीकडे राहायला निघाले होते. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

“म्हणजे ही एकदा चढली की चढली,” काका मला आदल्या दिवशी म्हणाले होते.

टेंपो केंद्रासमोर थांबला. काका उतरले आणि शर्टाच्या बाह्या सारख्या करून चक्क धावत पायऱ्या चढले. साठीला आलेला माणूस, दहा सेकंद. यंत्रातून चिठ्ठी आली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली.

“बघ. तलाव.”

मग दारात जाऊन ती खाली दाखवली. “अगं ए, निघाली बघ तुझ्या तलावाची चिठ्ठी!”

काकू टेंपोतून उतरून पायऱ्यांशी आल्या. इतक्या महिन्यांत त्यांना या बाजूने येताना मी पहिल्यांदाच बघत होते. एक पायरी, मग दुसरी. तिसरीवर त्या थांबल्या. हात छातीवर नव्हता, कमरेवर होता, जणू सहजच उभ्या आहेत.

“कागदच आणा इकडे,” त्या हसून म्हणाल्या. “तेवढाच बघते.”

मी काउंटरमागून नकाशा आणि लाल पेन्सिल उचलली. “काका, आजचा दिवस थांबा. मी आखून देते. तुम्हा दोघांना जमेल असा.”

“दे,” ते म्हणाले. थट्टा नव्हती त्यात. ते खरंच वाट बघत उभे राहिले.

मी पेन्सिल टेकवली. बस वरच्या वळणापर्यंत जाते, तिथून तलाव दोन किलोमीटर, चढ एकशे चाळीस मीटर. हे मला तोंडपाठ होतं. काकूंना किती वेळ लागेल, कुठे बसावं लागेल, फुली कुठे मारायची, हे सांगणारी एकही नोंद माझ्या तीनशे बारांत नव्हती. त्यांतला प्रत्येक जण वर पोचलेला होता.

“सुचत नाही ना?” काका म्हणाले. “जाऊ दे. टेंपोवाला खोळंबलाय.”

“तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत होतं. दहा वर्षांपूर्वी नेता आली असती.” त्यांनी खाली काकूंकडे बघितलं. “मी तरी कुठे मागे वळून बघितलं.”

ते खाली गेले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी चिठ्ठी काकूंच्या हातात दिली आणि दंड धरला. काकूंनी चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. दोघं उतरले. टेंपो सुरू होईना, मग झाला.

पेन्सिल माझ्या हातातच होती. बऱ्याच वेळाने एक तरुण दोन-दोन पायऱ्या टाकत वर आला, पाठीवर पिशवी, कपाळाला पट्टा. चिठ्ठी वाचून तो वैतागला.

“ओ ताई, हे काय? वाहनतळाजवळचं बाक, एकशे वीस मीटर? मी काय म्हातारा वाटलो यांना? यंत्र बिघडलंय तुमचं.”

मी पडद्यावरचा आकडा बघितला. चौदा मिनिटं बावीस सेकंद. तिसऱ्या पायरीवरून माघारी गेलेल्या काकूंचं घड्याळ अजून चालूच राहिलं होतं.

“बिघडलेलं नाही,” मी म्हणाले. “ती चिठ्ठी तुमची नाही, तुमच्या आधीच्या बाईंची आहे.”

“मग माझी?”

“खाली जाऊन परत या,” मी म्हणाले, आणि तो खरंच गेला.