दोरीची तुटकी टोकं

शार्क दोरी तोडतो तेव्हा तिचं टोक चावलेलं दिसतं, पिंजलेलं, चरे पडलेलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून अंगणात बसून दोरीला गळ बांधायचं काम माझंच आहे, त्यामुळे हे मला कोणी शिकवायला नको. आणि भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, रोज बोटीवरून दोरीची जी टोपली आणून माझ्यापुढे आपटायचे, तिच्यातली टोकं शिवणाचा दोरा कात्रीनं कापावा तशी सपाट होती.

"आजही तोडून गेले गं," भाऊजी म्हणायचे. "चांगले मोठे होते."

"हो का," मी म्हणायचे. मनात म्हणायचे, कुठंतरी पाणी मुरतंय.

माझा हिशेब सरळ होता. आमचे हे पुढे सुकाणू धरून बसतात. मागे दोर ओढायला एकटे भाऊजी, कारण बाकीची माणसं केव्हाच सोडून गेली. लागलेला शार्क भाऊजी दोरी कापून, डबा बांधून तरंगत सोडत असणार आणि मागून येणारी दुसरी बोट तो उचलत असणार. घरात मात्र साळसूदपणे मान खाली घालून जेवायचे. माझं डोकंच फिरायचं.

नुसता राग असता तर गिळला असता. पण आमची बोट विकायला निघाली होती. हे सगळं घडलं त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. बोट गेली की आमचे हे कंपनीच्या जहाजावर जाणार, वर्षाकाठी एकदा घरी. शेजारणीचा नवरा असाच गेलाय. परवा आला तर पोटची मुलगी त्याला काका म्हणाली. सगळे हसले, मला रडू आलं. भाऊजी तेवढे म्हणत होते, "विकू नका, मासा आहे, थोडं थांबा." म्हणणारच. चोराला बोट हवीच की! म्हटलं, आज भाऊजींचं पितळ उघडं पाडते. चोरी थांबली की बोट आपोआप राहील.

आमच्या शेडच्या भिंतीवर सासऱ्यांच्या काळापासूनचे गळ टांगलेत. सगळ्यात वरचा पंज्याएवढा, साखळीचा. तेव्हा शार्कच्या काळजाचं तेल काढायचे. याच अंगणात कढया उकळायच्या, आणि त्या वासानं पाहुणे टिकायचे नाहीत. तेवढं एक बरं होतं, असं सासूबाई सांगायच्या. पुढे तेलाचा बाजार बसला आणि शार्कच्या परांचे व्यापारी आले. मग काय, पर तेवढे कापून घ्यायचे आणि जिवंत धड पाण्यात ढकलायचं. सगळ्यांकडे इंजिनं आली, बोटी वाढल्या. मासा लहान होत गेला तसा भिंतीवरचा गळही लहान होत गेला. आता मी बांधते तो बोटाएवढा आहे. रोज ती भिंत बघत होते, पण माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

"आज मीही येते," मी सकाळी ह्यांना म्हणाले.

"तुला बोट लागते. ओकशील."

"ओकेन. पण येते."

ओकलेच. मग तोंडाला पदर लावून आमिषाच्या पाट्यांमागे बसून राहिले. भाऊजींनी दोर ओढायला घेतला. पहिला गळ वर आला, त्यावरचा बांगडा लावला तसाच्या तसा. भाऊजींनी पुढे ह्यांच्या पाठीकडे पाहिलं, कमरेचा सुरा काढला, दोरी कापली आणि गळ बांगड्यासकट पाण्यात सोडून दिला. दुसरा आला. त्याचंही तेच. तिसऱ्याला मी उठून त्यांचं मनगट धरलं.

"कुठाय ती बोट?"

"कुठली बोट?"

मी मागे पाहिलं. चहूकडे नुसतं पाणी होतं.

"गळाला काहीच लागलं नव्हतं," मी म्हणाले.

"नाही."

"काल?"

"नाही गं. शेवटचा लागला त्याला दोन वर्षं झाली." त्यांनी बोटांपासून कोपरापर्यंत हात दाखवला. "पिल्लू होतं. तेही मी घेतलं."

"मग हे नाटक कशाला करता?"

"खरं सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी बोट विकली असती, आणि निघून गेला असता. तुझा नवरा आहे, तसा माझा धाकटा भाऊही आहे."

इतके दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याची लाज वाटली. पण त्याहून जास्त भीती वाटली. ते चोर निघायला हवे होते. चोर असते तर समुद्रात मासा असता.

"काय गं? लागलं का काही?" इंजिन मंद करून हे मागे आले.

भाऊजींच्या हातात सुरा तसाच होता. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तोडून गेला," मी म्हणाले.

"तू पाहिलास?"

"पाहिला." मी दोन्ही हात ताणून दाखवले. "एवढा होता."

ह्यांनी माझ्या ताणलेल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "दादा सांगायचा तर मला वाटायचं, मला थांबवायला थापा मारतोय. तू कशाला खोटं बोलशील!" आणि तिथंच फोन काढून त्यांनी गिऱ्हाईकाला सांगितलं, येऊ नका, बोट विकायची नाही.